अचूक हाताचा मॅथ्यूसन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फॅक्टरीव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. ह्या गावी १२ ऑगस्ट १८८० रोजी क्रिस्टोफर मॅथ्यूसन ह्याचा जन्म झाला. पुढे अवघी अमेरिका त्याला क्रिस्टी ह्या लाडक्या नावाने ओळखू लागली. भावंडांत तो थोरला. आई मिनर्व्हा ही धर्मनिष्ठ बाई होती. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी तिची फार इच्छा. मुलाचा जीव मात्र चेंडूत गुंतलेला. अखेर तो धर्मोपदेशक झाला नाही; परंतु रविवारी, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी, आपण खेळणार नाही असे वचन त्याने आईला दिले. तो जोवर खेळाडू होता, तोवर रविवारी त्याने कधी चेंडू फेकला नाही.

क्रिस्टीचा खेळ बेसबॉलचा. हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. त्यात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजाच्या पुढ्यात जमिनीवर सतरा इंच रुंदीची एक पांढरी पाटी बसविलेली असते. पिचर तिच्यापासून साठ फूट सहा इंचांवर उभा राहतो आणि चेंडू टप्पा न पाडता सरळ फेकतो. पाटीच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, एक चौकट आहे अशी त्या काळी कल्पना करीत. चेंडू त्या चौकटीतून गेला, किंवा फलंदाजाने मारावयास बॅट फिरविली आणि ती चुकली, तर फलंदाजाच्या नावावर एक दोष लागतो. तीन दोष झाले की तो बाद. उलट, चेंडू चौकटीबाहेरून गेला आणि फलंदाज स्वस्थ उभा राहिला, तर तो चेंडू पिचरचा वाया गेला. असे चार चेंडू वाया गेले, म्हणजे फलंदाज बॅट खाली टाकतो आणि न मारता, न धावता, चालत चालत पहिल्या ठाण्यावर जाऊन उभा राहतो. ह्या फुकटच्या वाटचालीला त्या खेळात ‘वॉक’, म्हणजे ‘चाल’, असे साधे नाव आहे. चार ठाणी पार करून खेळाडू परत पाटीशी आला की एक धाव होते. तेव्हा चाल देणे म्हणजे प्रतिपक्षाला धावेचा चौथा हिस्सा दान देणेच होय.

सतरा इंच म्हणजे पुरता एक हातसुद्धा नव्हे. एवढ्या जागेतून चेंडू नेणे हे सरावाने जमते. पण तेवढ्याने भागत नाही. चेंडू चौकटीच्या मधोमध आला, तर समोरचा फलंदाज तो मैदानापार भिरकावून देईल. म्हणून चेंडू कडेला घासून जावयास हवा: फलंदाजाला मारता येऊ नये, आणि पंचाला तो वाया ठरविता येऊ नये. ह्या बोटभर जागेवर हुकमत मिळविण्यातच पिचरचे सारे कसब असते. ती मोजण्याची रीतही सोपी आहे. सामना नऊ डावांचा असतो. तेव्हा नऊ डावांमागे पिचर किती चाली देतो हे पाहावयाचे. आकडा जितका लहान, तितका हात अचूक.

मॅथ्यूसनचा हात जन्मतःच अचूक होता असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. बकनेल विद्यापीठात शिकत असताना तो बेसबॉलप्रमाणेच फुटबॉलही उत्तम खेळे. सुटीत पैसे मिळवावेत म्हणून १८९९ साली तो टॉन्टन येथील एका धंदेवाईक संघात गेला आणि पुढच्या वर्षी नॉरफोकच्या संघात. नॉरफोक येथे त्याने असे काही सामने जिंकले, की न्यूयॉर्कच्या जायंट्स ह्या मोठ्या संघाने त्याला बोलावून घेतले. जुलै १९०० मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, तो न्यूयॉर्कच्या मैदानावर उभा राहिला आणि त्याची त्रेधा उडाली. जेमतेम चौतीस डावांत त्याने २० चाली दिल्या, म्हणजे नऊ डावांमागे पाचांहून अधिक. सामना एकही जिंकला नाही, तीन हरले. संघाने त्याला नॉरफोकला परत पाठवून दिले.

ह्यानंतर जी देवघेव झाली, ती बेसबॉलच्या इतिहासात मोठी गमतीची समजली जाते. सिनसिनाटीच्या संघाने मॅथ्यूसनला उचलले आणि लगेच त्याच्या बदल्यात जायंट्सकडून एमस रूसी हा नामांकित पिचर मागून घेतला. रूसी म्हणजे वेगाचा राजा. त्याच्या चेंडूची फलंदाजांना धास्ती वाटे. पण तो चेंडू कोठे जाईल हे फेकणाऱ्यालाही सांगता येत नसे. १८९० साली एका हंगामात त्याने २८९ चाली दिल्या. तो उच्चांक आजवर कोणी गाठलेला नाही, आणि गाठावा अशी कोणाची इच्छाही नसावी. हा रूसी खांदा निकामी होऊन बसलेला होता. सिनसिनाटीसाठी तो तीनच सामने खेळला व एकही जिंकू शकला नाही. चेंडूवर मुळीच ताबा नसलेला वीर एकीकडे गेला, आणि पुढे ज्याच्या ताब्याची साऱ्या देशाने तारीफ करावी असा पोरगेला तरुण दुसरीकडे आला.

पण त्याला वेळ लागला. १९०१ साली मॅथ्यूसनने वीस सामने जिंकले. त्यांतील १५ जुलैच्या सामन्यात त्याने सेंट लुईसच्या संघाला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. त्याच हंगामात त्याने ९७ चाली दिल्या. १९०३ मध्ये तो आकडा शंभरावर गेला. नऊ डावांमागे अडीच, हे प्रमाण वाईट नव्हे, असामान्यही नव्हे. १९०२ च्या जुलैत जॉन मॅग्रॉ हा जायंट्सचा व्यवस्थापक झाला होता. मॅग्रॉ ठेंगणा, तापट आणि भांडखोर; मॅथ्यूसन उंच, शांत आणि मितभाषी. तरी ह्या दोघांचे इतके जमले, की न्यूयॉर्कमध्ये दोन्ही जोडपी एकाच बिऱ्हाडात राहू लागली. मॅग्रॉला फलंदाजांच्या खोडी पाठ असत. मॅथ्यूसनची स्मरणशक्तीही अशीच दांडगी होती. चेकर्स ह्या पटावरील खेळात तो एका वेळी अनेकांशी खेळून जिंकत असे. कोणत्या फलंदाजाने कोणता चेंडू मारला व कोणता सोडला हे तो डोक्यात साठवून ठेवी. चेंडू कोठे टाकावयाचा हे आधी नक्की ठाऊक असेल, तरच तो तेथे टाकण्याच्या सरावाला अर्थ येतो.

त्याच्याजवळ एक खास अस्त्रही होते. उजव्या हाताने फेकलेला वळणदार चेंडू बहुधा उजव्या फलंदाजापासून दूर वळतो. मॅथ्यूसनचा ‘फेडअवे’ नावाचा चेंडू उलट त्याच्या अंगाकडे वळे आणि ऐन वेळी खाली बसे. त्यासाठी मनगट व कोपर उलटे पिळावे लागे. हाताला त्याचा फार ताण होई. म्हणून एका सामन्यात तो हा चेंडू मोजकेच वेळा टाकी. एरवी साध्या चेंडूने फलंदाजाला सहज मारू द्यावे, झेल किंवा धावबाद सहकाऱ्यांकडून करून घ्यावे, आणि अंगातील सर्व बळ अडचणीच्या घडीसाठी राखून ठेवावे, अशी त्याची पद्धत होती. १९१२ साली निघालेल्या आपल्या पुस्तकाला ‘पिचिंग इन अ पिंच’ असे जे नाव त्याने दिले, त्याचा अर्थही अडचणीच्या वेळची चेंडूफेक असाच आहे.

१९०५ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या संघाशी जागतिक मालिका झाली. ९, १२ आणि १४ ह्या तारखांना, म्हणजे सहा दिवसांत तीन वेळा, मॅथ्यूसन मैदानात उतरला. तिन्ही सामन्यांत प्रतिपक्षाला एकही धाव मिळाली नाही. एकूण सत्तावीस डावांत त्याने अठरा फलंदाज तीन-तीन दोषांनी बाद केले, आणि चाल दिली ती फक्त एक. असा पराक्रम त्या मालिकेत आजवर दुसऱ्या कोणाच्या हातून झालेला नाही.

पुढच्याच वर्षी त्याला घटसर्प झाला. दुखण्यातून उठला तेव्हा शरीर पोखरून निघाले होते, आणि हाताने ते लगेच सांगितले: २६७ डावांत ७७ चाली. त्याच हंगामाच्या अखेरीस त्याचा धाकटा भाऊ हेन्री हाही जायंट्सतर्फे खेळावयास आला. तेच आईबाप, तेच अंगण, तेच नाव. लोकांच्या अपेक्षा केवढ्या असतील! ५ ऑक्टोबर १९०६ रोजी एकोणीस वर्षांच्या हेन्रीने बॉस्टनविरुद्ध सामना खेळला आणि त्या एका सामन्यात १४ चाली दिल्या. नॅशनल लीगच्या आधुनिक काळातील तो उच्चांकच आहे. हेन्री पुरते तीनच सामने खेळला. नोंदवहीत दोघे भाऊ असे दोन टोकांना उभे आहेत.

क्रिस्टीचा हात मात्र सुधारतच गेला. १९०७ मध्ये ५३ चाली. १९०८ मध्ये तब्बल ३९० डाव टाकून ४२, आणि जिंकलेले सामने ३७. १९०९ मध्ये ३६. मधल्या १९१० साली आकडा थोडा वर चढला व पुन्हा उतरला: १९११ मध्ये ३८, १९१२ मध्ये ३४. आरंभी नऊ डावांमागे पाच चाली देणारा हा माणूस आता एक चाल देऊ लागला होता. वेग वयाबरोबर कमी होत होता. नेम वाढत होता.

येथे त्या काळाचाही विचार केला पाहिजे. तेव्हाचा चेंडू मऊ असे, मळका होईतो वापरला जाई, आणि मैदानापार जाणारे फटके विरळा असत. म्हणून पिचरला चौकटीत चेंडू टाकण्याची आजच्याइतकी भीती नव्हती. त्याच्या काळातील साय यंग ह्या थोर पिचरचे साऱ्या कारकिर्दीचे प्रमाण तर मॅथ्यूसनहून थोडे कमीच भरते. तरीही जायंट्सच्या प्रेक्षकांना इतका भरवसा दुसऱ्या कोणाचा वाटत नव्हता. मॅथ्यूसन हातात चेंडू घेऊन उभा राहिला, म्हणजे फुकट काही जाणार नाही, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

आणि म्हणूनच १६ ऑक्टोबर १९१२ हा दिवस ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बॉस्टनच्या नव्याकोऱ्या फेनवे पार्क मैदानावर जागतिक मालिकेचा शेवटचा सामना होता. एक सामना अंधारामुळे बरोबरीत सुटल्याने हा आठवा खेळावा लागला. मॅथ्यूसनने त्या मालिकेत आधी दोन सामने खेळून एकोणीस डाव टाकले होते आणि त्यांत एकही चाल दिली नव्हती. ह्या दिवशी मात्र हात थकलेला होता. नऊ डावांनंतर दोन्ही बाजूंची एकएक धाव झाली. दहाव्या डावात जायंट्सनी एक धाव काढून आघाडी घेतली. आता बॉस्टनचे तीन गडी बाद केले की अजिंक्यपद पदरात पडणार होते.

पहिल्याच फलंदाजाने, एंगलने, उंच झेल दिला. मैदानाच्या मध्यभागी फ्रेड स्नॉडग्रास उभा होता. चेंडू सरळ त्याच्या हातात आला आणि हातातून निसटला. एंगल दुसऱ्या ठाण्यावर पोहोचला. पुढच्या फलंदाजाचा लांब गेलेला चेंडू ह्याच स्नॉडग्रासने धावत जाऊन मोठ्या कौशल्याने झेलला. पण ती गोष्ट कोणी लक्षात ठेवली नाही. तिसरा फलंदाज यर्कीझ. तो काही फार धोक्याचा मारणारा नव्हता. त्याला मॅथ्यूसनने चार चेंडू बाहेर टाकले आणि तो चालत पहिल्या ठाण्यावर गेला. त्यानंतर स्पीकर नावाच्या नामांकित फलंदाजाचा एक सोपा झेल जायंट्सच्या खेळाडूंच्या मधोमध, कोणी हात न लावता, जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या स्पीकरने फटका मारला. एंगल धावत आला आणि बरोबरी झाली. पुढच्या फलंदाजाला मुद्दाम चाल देण्यात आली. शेवटी गार्डनरने चेंडू लांब उडविला. तो झेलला गेला, परंतु तेवढ्या अवधीत तिसऱ्या ठाण्यावरचा खेळाडू धावत पाटीवर आला. सामना गेला, मालिका गेली.

तो धावत आलेला खेळाडू होता यर्कीझ. ज्याला मॅथ्यूसनने फुकट जाऊ दिले, त्याचीच धाव विजयाची ठरली. मुद्दाम दिलेली धरून त्या दिवशी मॅथ्यूसनने पाच चाली दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांनी सारा दोष स्नॉडग्रासच्या माथी मारला. त्या सुटलेल्या झेलाला तीस हजार डॉलरांची चूक असे नाव पडले. १९७४ साली स्नॉडग्रास म्हातारा होऊन वारला, तेव्हाही त्याच्या मृत्यूच्या बातमीत ह्याच झेलाचा उल्लेख होता. बासष्ट वर्षे ती चूक त्याच्या पाठीस लागली. यर्कीझच्या चालीची आठवण फारशी कोणी काढीत नाही. मॅग्रॉने मात्र स्नॉडग्रासला बोल लावला नाही. उलट त्याचा पगार वाढविला.

पुढल्या हंगामात, १९१३ मध्ये, मॅथ्यूसन तेहेतीस वर्षांचा झाला. ह्या वयात बहुतेक पिचरांचा हात उतरणीस लागतो. त्या जून महिन्याच्या १९ तारखेपासून जुलैच्या १८ तारखेपर्यंत तो सामन्यामागून सामने खेळत होता आणि एकही फलंदाज चालत पहिल्या ठाण्यावर जात नव्हता. असे ओळीने ६८ डाव गेले. साऱ्या हंगामात ३०६ डाव टाकून त्याने २१ चाली दिल्या आणि सामने जिंकले २५. चालींपेक्षा विजय अधिक! १९१४ मध्येही तसेच घडले: चाली २३, विजय २४. १९१५ मध्ये मात्र हात दुखू लागला. डाव कमी झाले, पराभव वाढले. नऊ डावांमागे चालीचे प्रमाण तरीही एकाच्या वर गेले नाही. त्याच्या हातातून वेग गेला, वळण गेले, विजय गेले. नेम तेवढा शेवटपर्यंत टिकला.

१९१६ च्या जुलैत तो सिनसिनाटीस व्यवस्थापक म्हणून गेला. तेथे त्याने एकच सामना खेळून जिंकला आणि चेंडू खाली ठेवला. सतरा वर्षांत ३७३ विजय, सुमारे ४,८०० डाव आणि सुमारे ८५० चाली, असा त्याचा हिशेब आहे.

पुढचे आयुष्य थोडे आणि कष्टाचे. १९१८ साली पहिल्या महायुद्धात तो कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. त्याची नेमणूक विषारी वायूंशी संबंधित दलात होती, आणि तेथे सरावाच्या वेळी वायू फुफ्फुसात गेल्याने त्याची प्रकृती ढासळली असे मानतात. १९१९ च्या जागतिक मालिकेच्या वेळी तो पत्रकारांत बसून सामने पाहत होता. शिकागोचे काही खेळाडू पैसे घेऊन मुद्दाम हरत आहेत असा संशय तेव्हाच उठला होता. शिकागोचा सिकोट हा पिचर नेमाबद्दल प्रसिद्ध असूनही त्याने आरंभीच फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला. मॅथ्यूसन ह्यूज फुलर्टन ह्या पत्रकाराच्या शेजारी बसून संशयास्पद चुका टिपून देत होता. हातून झालेली चूक कोणती आणि केलेली कोणती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळावे?

१९२० मध्ये त्याला क्षय झाल्याचे निदान झाले. ह्याच रोगाने त्याचा भाऊ हेन्री १९१७ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, गेला होता. न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागातील सॅरनॅक लेक येथे थंड व स्वच्छ हवेत क्षयरोग्यांना ठेवीत. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. निश्चल पडून राहणे हाच मुख्य उपचार. पत्नी जेन त्याची शुश्रूषा करीत होती. थोडे बरे वाटताच १९२३ मध्ये त्याने बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे अध्यक्षपद पत्करले. पण ते श्रम शरीराला झेपले नाहीत. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी त्याचे निधन झाले. त्याच दिवशी पिट्सबर्ग येथे जागतिक मालिकेला आरंभ झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे खेळाडू दंडाला काळी फीत बांधून मैदानात उतरले. त्याचा देह लुइसबर्ग येथे, बकनेल विद्यापीठानजीक, पुरण्यात आला.

१९३६ साली बेसबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानमंदिरासाठी पहिली पाच नावे निवडली गेली. त्यांत मॅथ्यूसनचे नाव होते, आणि त्या पाचांपैकी तोच एकटा हयात नव्हता. त्याचा ओळीने ६८ डावांचा विक्रम १९६२ साली कॅन्सस सिटीच्या बिल फिशरने मोडला. नॅशनल लीगमध्ये मात्र १९७६ मध्ये रँडी जोन्सने त्याची बरोबरी केली, आणि तो मागे टाकावयास २००१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ग्रेग मॅडक्सने सव्वा बहात्तर डावांहून थोडे अधिक डाव एकही चाल न देता टाकले. मॅडक्स तेव्हा पस्तीस वर्षांचा होता; तोही वेगासाठी नव्हे, नेमासाठी ओळखला जात असे.